उजव्या बाजूचा उजेड

५ सप्टेंबर २००९, शनिवार

अकरातले सात मेले.

सकाळी शाळेत शिक्षक दिनाचं गुलाबाचं फूल घेतलं आणि दुपारी समाजमंदिराच्या मागच्या खोलीतून नाट्यमंडळाचे स्पॉट बाहेर काढले. पावसाळाभर गोणपाटाखाली पडलेले. दोघांत उंदरांनी घर केलेलं. एकेक पुसला, एकेक लावून पाहिला. चार पेटले. बाकीच्यांची आतली तार तुटलेली. एकाची काच आतून शाई ओतल्यासारखी काळी. दोन होल्डरही जळालेत. त्यांत नवा बल्ब घातला तर आठ दिवसांत तोही जाईल.

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा आणि त्या रात्रीचं नाटक, चौदा नोव्हेंबरला. मंडळाचा अध्यक्ष ईश्वरदास म्हणाला, "मास्तर, बल्बासाठी तीन हजार. वरतं एक पैसा नाही. मंडपाचाच भाव वाढून राह्यला." वर सल्ला— "सीएफएल लावा ना! वीस वॅटात शंभराचं काम करते." मी म्हटलं, सीएफएल हळूहळू कमी होत नाही. नाटकात संध्याकाळ कशी करू? म्हणे, "बटन बंद करजो!"

सव्वीस वर्षं या नाटकाला मी उजेड देतो. अजून अध्यक्षाला वाटतं, मास्तर बटन दाबतात!

८ सप्टेंबर

तालीम सुरू झाली. केवळदादाला यंदा बापाची भूमिका. शेवटी बाप मरतो, त्याआधी सव्वा पानाचं बोलणं आहे, एका दमात. दादाशिवाय दुसऱ्याचं काम नाही ते.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दहावी नापास, धानाची शेती. पण स्टेजवर उभा राहिला की सौंदडपासून कोहमाऱ्यापर्यंतची माणसं येतात. मी डी.एड. झालो, मास्तर झालो, तरी परगावात ओळख एकच— 'केवळरामचा भाऊ.' याचं वाईट वाटायचं. अजूनही वाटतं. इथे लिहायला काय हरकत आहे!

आज तो शब्द गिळत होता. 'परमेश्वरा' नीट निघेना. तोंड पुरतं उघडत नाही. म्हणाला, दाढ दुखते. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र चालूच.

१३ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला. चुन्नीलालच्या दुकानात दोन तास. त्याने काउंटरवर तीन जातीचे बल्ब मांडले.

पहिला कंपनीचा, हजार वॅट, साडेसातशेला एक. उजेड कसा— दुधात चिमूटभर हळद टाकावी तसा. माणसाचा रंग माणसासारखा राहतो. पण अडीचशे तासांत संपतो.

दुसरा बिननावाचा. हजारच वॅट लिहिलेलं, अडीचशे रुपये. "सब मंडपवाले यही ले जाते, मास्टरजी." पाय सैल, आतली तार वाकडी. उजेड पांढराफटक, आणि गोल पडायच्या ऐवजी फाटक्या पोळीसारखा पडतो.

तिसरा पाचशे वॅट, चारशे रुपये. दोन हजार तास टिकेल म्हणतो. टिकेल, पण टिकाऊ म्हणजे मंद. आमच्याकडे सात वाजता व्होल्टेज एकशेऐंशीवर येतं, तेव्हा हा नुसता निखाऱ्यासारखा लाल दिसेल.

सात पाहिजेत. चांगले घेतले तर चारच येतात. सगळे स्वस्तातले घेतले तर सात येऊन वर पैसे उरतात, पण मग नाटक लग्नाच्या मंडपासारखं दिसणार. चांगला एक घेतला, बिननावाचा एक खिशातून घेतला. लावून बघतो, मग ठरवतो.

चुन्नीलाल हसला. "मास्टरजी, गाँव में कौन देखता है!"

मी पाहतो ना!

१५ सप्टेंबर

आज दोन्ही लावून पाहिले. शाळा सुटल्यावर समाजमंदिराच्या खिडक्यांना सतरंज्या टांगल्या. बल्ब फडक्याने धरून बसवले— बोटाचा तेलकटपणा काचेला लागला की तिथेच तडकतो. चेहरा पाहिजे होता, म्हणून दादाला उभं केलं.

आधी बिननावाचा, समोरून. आणि मी डिमरवरचा हात काढूनच घेतला.

डाव्या गालाखाली, जबड्याच्या कडेला, सुपारीएवढा उंचवटा. कातडी ताणलेली, चकचकीत. रोज पाहतो त्याला— पारावर, धानाच्या बांधीत, जेवताना— कधी दिसलं नाही. त्या पांढऱ्या उजेडात सगळं उघडं पडलं.

मग चांगला बल्ब लावला, त्याच्या उजव्या अंगाकडून. डावा गाल सावलीत गेला. उंचवटा नाही. दादा होता तसा— भरदार, तेजस्वी.

"काय पाहून राह्यला?" दादा म्हणाला.

"बल्ब."

"खोटं नोको बोलू."

१८ सप्टेंबर

शाळेतून येताना दादाने बांधीवर बोलावलं. धान निसवलं आहे. शेताच्या धुऱ्यावर बसलो दोघं.

"कॅन्सर आहे," म्हणाला. धानाला करपा लागला म्हणावं, तसं.

ऑगस्टमध्ये एकटाच गोंदियाला जाऊन आला. डॉक्टरने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट खताच्या रिकाम्या पोत्यात लपवून ठेवलाय. सुलोचनावहिनीला माहीत नाही. नागपूरला ताबडतोब जा म्हणून सांगितलंय.

"मंग जाऊन काऊन नाही राह्यला?"

"जबडा कापतेत. जिभेचाबी तुकडा. मंग बोलनं नाही." एक लोंबी तोडून हातावर चोळली. "मंडई होऊ दे. दुसऱ्या दिवशी जातो. दोन महिन्यानं का होते?"

"डॉक्टर का म्हणे?"

"डॉक्टर त म्हणनारच, आजच ये."

मी रागावलो. ओरडलो त्याच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. तो ऐकून घेत राहिला, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एकडाव बोलून घेऊ दे गा, शालीक. मंग आहेच जिंदगीभर चूप."

शपथ घातली. सुलोचनाला सांगशील तर भाऊ नाही मले, म्हणाला.

मी हो म्हटलं.

१९ सप्टेंबर

हो का म्हटलं?

२० सप्टेंबर, रविवार

दिवसभर वहीत स्टेजचे नकाशे काढत बसलो. ही म्हणाली, "पोरं गणितं करतेत तसे करून राह्यले तुमी." हिलाही सांगितलेलं नाही.

जमलं. चारही नवे बल्ब दादाच्या उजव्या अंगाला, दोन वर, दोन डोक्याच्या उंचीवर. जुने चार मागच्या पडद्यावर. डावा खांब रिकामा. सगळ्या नाटकात त्याने उजवीकडे बघून बोलायचं, डावा गाल कायम सावलीत. दाढी लावली की काहीच दिसणार नाही.

चारच बल्ब लागतात. म्हणजे चांगले घेता येतात. बरोबर तीन हजार!

आणि मला आनंद झाला. बजेट बसल्याचा. क्षणभर खरंच झाला. मग वही मिटली आणि स्वतःची किळस आली. भाऊ मरतोय, आणि मी खुश, की सात बल्बांचं काम चारांत झालं.

२७ सप्टेंबर, रविवार

बल्ब आणले. कंपनीचे तीन, आधीचा एक. मांडीवर घेऊन बसलो पॅसेंजरमध्ये. होल्डरही बदलले.

ईश्वरदास म्हणाला, "सात म्हनत होते, चारातच भागवलं? मास्तर, तुमचं डोकं चालते!"

४ ऑक्टोबर

पटांगणात बांबू बांधून उजेडासकट तालीम केली. पाहायला अर्धं गाव. दादा पुढे आला आणि बाया म्हणायला लागल्या, "केवळभाऊ त जवान दिसून राह्यले व!"

वहिनीही आली होती. पदर खोचून, बायांच्या मागे उभी. नवऱ्याकडे पाहून हसत होती. जाताना माझ्याजवळ थांबली. "भाऊजी, यंदा उजेड लय साजरा पडला." तिच्या डोळ्यांत धूळ फेकली ती मी, साडेसातशे रुपयांना एक या भावाने.

दादा बोलताना दोनदा थांबला. लोकांना वाटलं अभिनय. मागे जाऊन थुंकला, ते लाल होतं. खर्रा नव्हता खाल्लेला.

६ ऑक्टोबर

ही म्हणाली, "तुमाले बल्ब दिसतेत, मानूस नाही दिसत."

कशावरून म्हणाली, विचारलं नाही. भीती वाटली विचारायची.

९ ऑक्टोबर

आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर नवा, पोरसवदा, पुण्याकडचा. 'ओळखीचा एक माणूस आहे' म्हणून सगळं सांगितलं.

"गळ्यात गाठ आली आहे का?"

"माहीत नाही."

"आली नसेल तर उद्याच न्या. आली असेल तर आजच. त्या माणसाला नाटकबिटक काय सुचतंय?" मग माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, कोण आहे हा?"

"तिरोड्याकडचा एक."

डॉक्टरसमोर खोटं, वहिनीसमोर खोटं. खरं फक्त इथे बोलतो. वही काय करणार आहे त्याचं!

१३ ऑक्टोबर

निवडणुकीची ड्युटी. दिवसभर बोटांना शाई लावत बसलो. म्हातारी माणसं पुढ्यात येऊन हात द्यायची, मी बोटाऐवजी प्रत्येकाच्या गळ्याकडे पाहायचो.

१४ ऑक्टोबर

पेट्या जमा करून आलो आणि थेट दादाकडे. अंगणात हलकं, लवकर येणारं धान चुरणं— मळणी— चाललं होतं. उन्हात मफलर! मी जवळ जाऊन ओढलाच. कानाखाली बोराएवढी गाठ. बोट लावलं, टणक. हलत नाही.

"कधीपासून?"

दादाने मफलर हिसकावून घेतला. "महिना राह्यला मंडईले. एक महिना, शालीक."

हात जोडले त्याने. मोठ्या भावाने मला हात जोडले!

१५ ऑक्टोबर

सांगितलं.

दुपारी दादा बांधीवर होता. वहिनी अनारसे करत होती, दिवाळीचे. मी दारात उभ्यानेच सांगितलं. पोत्यातला रिपोर्ट काढून हातात दिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरून बसली. कढईतला अनारसा काळा झाला. मीच पुढे होऊन चुलीतली लाकडं मागे ओढली.

रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाले कधीपासून माहीत होतं?"

"महिना झाला."

"महिना!"

जरा वेळाने उठली, लुगडं बदललं, ट्रंकेतून पैसे काढले, आणि अनवाणीच बांधीकडे निघाली. मी मागे गेलो नाही. माझ्यात हिंमत नव्हती.

१६ ऑक्टोबर

पहाटेच कोहमाऱ्यावरून जीप केली नागपूरला. वहिनी, तिचा भाऊ नंदलाल आणि दादा. मी सामान चढवत होतो. दादा पुढच्या सीटवर. माझ्याकडे बघत नव्हता. जीप सुरू झाली तेव्हा काच खाली करून म्हणाला—

"तू माझ्या तोंडाले कुलूप लावलं."

काच वर.

मी रस्त्यावर उभा होतो. ढाब्यावरचा माणूस चहा पाहिजे का विचारत होता.

१७ ऑक्टोबर

दिवाळी. हिने दारात एकच पणती लावली. हिला सगळं सांगितलं. ही उठून पणतीत तेल घालायला गेली.

२१ ऑक्टोबर

नागपूर. ऑपरेशनसाठी सकाळी नऊला आत नेलं, संध्याकाळी सहाला बाहेर. डावा जबडा काढला. जीभ अर्ध्याहून जास्त. गळ्यातल्या गाठी. छातीचं मांस कापून गालाला लावलंय. नाकात नळी, गळ्याला भोक.

डॉक्टर चांगला माणूस. समजावून सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, "महिनाभर आधी आणलं असतं तर जीभ कदाचित वाचली असती."

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. उभी होती तिथून दोन पावलं बाजूला सरकली, एवढंच.

२२ ऑक्टोबर

सांगितलं म्हणून दादा दुरावला. महिनाभर नाही सांगितलं म्हणून वहिनी दुरावली. दोन्हीकडून मीच.

त्याचा शेवटचा आवाज माझ्यासाठी. 'कुलूप लावलं.' स्टेजवर सव्वीस वर्षं ऐकला तो आवाज. नागपूरपर्यंत जीपमध्ये आणखी काही बोलला का, नंदलालला विचारलं. म्हणाला, एक शब्द नाही.

२६ ऑक्टोबर

मंडळाची बैठक. मी म्हटलं, यंदा नाटक नको. ईश्वरदास खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, तिकिटं छापून झाली. अन् नाटक केवळभाऊंचं एकट्याचं नाही, गावचं आहे." बापाचं काम भूपेंद्रला दिलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, आजपर्यंत शिपायाची कामं करायचा. तालमीत रोज दादासमोर बसायचा. सगळं पाठ आहे म्हणाला.

माझ्याजवळ आला नंतर. "काका, मले भेव लागून राह्यलं." मी म्हटलं, मलेबी.

१ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा गोंदिया. भूपेंद्रच्या गालाला काय झालंय? काही नाही. मग अर्धं स्टेज काळं कशाला? डाव्या खांबाला तीन बल्ब पाहिजेत. पैसे नाहीत, मंडळ देणार नाही. बिननावाचा एक पडून आहे, तसलेच दोन पदरचे घेतले.

उजवीकडे हळदीचा उजेड, डावीकडे चुन्याचा. एकाच माणसाचे दोन गाल दोन रंगांचे दिसणार. डावीकडच्यांना पिवळा कागद लावला. कागदाने उजेड अर्धा खाल्ला, तरी रंग काही जुळला नाही. पहिल्याच दिवशी डोकं शांत ठेवून सात विकत घेतले असते— तीन चांगले पुढे, चार हलके मागे, त्यातला एक पदरचा— तर सगळं बसलं असतं. इतकं सोपं होतं. पण तेव्हा मी स्टेजसाठी बल्ब घेतच नव्हतो.

चुन्नीलालने विचारलं, "बडे भैया कैसे हैं? इस साल कौन सा पार्ट?"

म्हटलं, "ठीक हैं."

५ नोव्हेंबर

दादाला काल घरी आणलं. आज गेलो.

बाजेवर बसला होता. चेहरा— नाही लिहीत. डोळे तेच. उशाशी एक पाटी आणि खडूचा डबा. काही हवं असेल तर वहिनीला लिहून दाखवतो. 'पानी.' 'उशी.' 'पंखा बंद.' अक्षर अजून चांगलं आहे.

मी समोर बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटी उचलली. मी वाचायला पुढे वाकलो. त्याने पाटी उपडी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

अर्धा तास बसलो. उठलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, रोज नोका येत जाऊ. तुमी गेल्यावर त्याइले झोप नाही येत."

९ नोव्हेंबर

दादाची तणस, चुरलेल्या धानाचं वाळलं गवत, अंगणातच पडून होती. मी आणि नंदलालने रचली. भारी धान कापायचं आहे, मजूर लावले. दादा खिडकीत बसून पाहत होता. मी हात केला. खिडकी लागली.

१५ नोव्हेंबर, रविवार सकाळ

नाटक झालं.

पहिल्या अंकात डावीकडचा एक फुटला. धाडकन! काचा स्पॉटच्या जाळीत अडकल्या म्हणून बरं, खाली पेटीवाला होता. लोक हसले. दुसरा मध्यंतरानंतर आपोआप विझला. जनरेटरवर आलो की व्होल्टेज चढतं, हलक्या मालाला ते सोसत नाही. माहीत होतं मला. उरलेल्या एकावर काढलं.

भूपेंद्र चांगला बोलला. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं, असं वाटत होतं, ही माझी लायकी. दादा जिथे थांबायचा तिथेच थांबला. दुखण्यामुळे दादा तालमीत जिथे थांबला होता, तिथेसुद्धा! पोराला वाटलं ती युक्तीच आहे. तीच जागा टाळ्यांची ठरली.

शेवटी बाया रडत होत्या. मी डिमरच्या पेटीमागे. मला रडू आलं नाही. हात भाजला होता, त्याचीच आग होत होती.

दादाचं घर पटांगणापासून दोन गल्ल्या. भोंग्याचा आवाज पोचलाच असेल. ईश्वरदासचा पोरगा सकाळी म्हणाला, त्यांच्याकडे दिवा बंद होता, दार लागलेलं. बरोबर आहे. कोण ऐकत बसेल, आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडातून?

६ डिसेंबर

शेक— रेडिएशनचा— सुरू. सहा आठवडे नागपूरला धर्मशाळेत राहायचं. मी म्हटलं, मी सुट्टी काढून येतो सोबत. वहिनी म्हणाली, "नंदलाल आहे." जाताना मात्र घराची किल्ली माझ्याकडे दिली. गुरांचं पाहा म्हणाली. एवढ्यावरही मला बरं वाटलं. किती थोडक्यावर भागतं माणसाचं!

२० डिसेंबर

रोज दोनदा गोठ्यात. म्हशीला माझी सवय झाली.

१९ जानेवारी २०१०

आले परत. दादाची कातडी करपलेली. वजन निम्मं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर गेलो. वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "उजव्या बाजूले निघाली."

"काय?"

"गाठ. डॉक्टर म्हणे, आता कापनं नाही, शेक नाही. घरी ठेवा. खायला मागतील ते द्या." आणि हसली. "खायला!"

नळीतून पेज जाते त्याच्या पोटात.

मी तिथेच जमिनीवर बसलो. मग तिने माझ्याकडे सूप सरकवलं. अर्धा तास दोघांनी तांदूळ निवडले. मघाशी लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं— तीन महिन्यांनी वहिनीने मला जवळ बसू दिलं. आणि ते या बातमीला!

तेव्हा नाटक करू दिलं असतं तर? असाही जाणार होता. बोलून गेला असता. आधी सांगितलं असतं तर? कदाचित राहिला असता. मी मधलंच काहीतरी केलं, ना इकडचं ना तिकडचं. पोरांना वर्गात सांगतो, उत्तर चुकलं तर पहिल्यापासून मांडा. हे कसं मांडू?

३१ जानेवारी

ईश्वरदास आला होता. पुढच्या वर्षी वडशाहून लाइट किरायाने आणू म्हणतो. त्यांच्याकडे नवीन रंगीत आहेत, बल्बच लागत नाहीत. जुने स्पॉट भंगारवाल्याला देऊन टाकायचे का? म्हणाला, "तुमी म्हणसाल तसं, मास्तर."

म्हटलं, भंगारवाला आला की देऊन टाका. मला आता त्यांना हात लावायचा नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

आज दादा आला. एकटा, चालत, पाटी काखेत घेऊन. ओसरीवर टेकला. धाप थांबेपर्यंत बसला. मग पाटी मांडीवर घेतली, हळूहळू लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली—

'शेवटच्या परवेशात उजेड लय होता. मरनाऱ्या मानसावर एवढा नोको.'

म्हणजे तो नाटकाला आला होता! म्हणून घरात दिवा बंद.

मी वाचून वर पाहिलं, तोवर त्याने बाहीने पुसून दुसरं लिहिलं होतं— 'स्पॉट विकू नोको. काढ बाहेर. दाखवतो.'